रिबेल्ले मेंकोनीचे दोन पेटारे

रिबेल्ले मेंकोनी दगडाची माणसं लाकडात बंद करून समुद्रापार पाठवायचा. इटलीतल्या काराराच्या डोंगरातून संगमरवर खाली यायचा, कारखान्यांत त्याचे संत, सेनापती, राण्या आणि थडग्यांवरचे रडके देवदूत व्हायचे, आणि मग सगळे बंदरावरच्या रिबेल्लेच्या छपरीत यायचे. चेस्टनटच्या फळ्या, लाकडाचा कीस, गोणपाट आणि खिळे एवढ्या सामानावर त्याने अर्धं जग नाक शाबूत ठेवून पोचवलं होतं. मूर्तीचं काय मोडतं ते त्याला पाठ होतं. आधी नाक, मग बोटं. पण सगळ्यांच्या आधी मोडतो तो उगारलेला हात, आणि मोठ्या माणसांना तर पुतळ्यातही हात उगारायचाच असतो. रिबेल्ले त्या हाताखाली किसाची उशी देताना दर वेळी त्याला चार शिव्या द्यायचा.

शिव्या देणं त्याच्या रक्तातच होतं. रिबेल्ले म्हणजे बंडखोर. हे नाव बापाने ठेवलेलं. थोरल्या भावाचं नाव आतेओ, म्हणजे नास्तिक. धाकट्या बहिणीचं लिबेर्ता, म्हणजे स्वातंत्र्य. तिने पुढे एका पोलिसाशी लग्न केलं, तो विषय घरात कुणी काढत नाही. आमच्या गावात अशी नावं घराघरात सापडतात. आम्ही अराज्यवादी माणसं. आम्हाला राजा नको, सरकार नको, पोप नको, मालकही नको. आता या गावाच्या पोटाला कोण घालत होतं असं विचाराल तर राजे, सरकारं, पोप आणि मालक. पुतळे तेच लावतात. गरिबाचा पुतळा लावायला कोण येतो? सकाळभर एखाद्या हुकूमशहाच्या मिशा घासायच्या आणि संध्याकाळी आमच्या अराज्यवादी मंडळात बसून त्याच्या नावाने बोटं मोडायची, असा आमचा दिनक्रम होता. यात कुणाला काही खटकायचं नाही.

रिबेल्लेला मात्र थोडं खटकायचं. म्हणून त्याने आपल्यापुरते नियम केले होते. तो सगळ्यांना 'तू' म्हणायचा, पाद्र्याला, बंदर अधिकाऱ्याला आणि दोन नातवंडं कडेवर असलेल्या न्यायाधीशालाही. टोपी कुणासाठी काढायची नाही. आणि पेटाऱ्यावर कुणाची पदवी लिहायची नाही. 'महामहिम', 'संत', 'राष्ट्रपिता' असलं काही त्याच्या ब्रशातून उतरत नसे. पुरुषाचा पुतळा असेल तर पेटाऱ्यावर काळ्या रंगात तो लिहायचा, 'माणूस. संगमरवरी. उभा.' बाईचा असेल तर 'बाई. संगमरवरी. बसलेली.' खाली बंदराचं नाव. संपलं.

"माणसासारखी माणसं आहेत ना? मग झालं," तो म्हणायचा.

"माणसं नाहीत, दगड आहेत," त्याची बायको झेलिंदा म्हणायची. "आणि तू त्यांच्यातलाच."

झेलिंदा गुपचूप चर्चमध्ये जायची. गुपचूप म्हणजे काय, तर सगळ्या गावाला माहीत होतं आणि रिबेल्लेलाही. पण तिला मना करावं तर ती हुकूमशाही झाली असती. तत्त्वाला मुरड न घालता त्याने रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोपण्याची सवय लावून घेतली होती.

युद्ध संपून काही वर्षं झाली होती. त्या वर्षी उल्देरिको त्रामोन्ती या कारखानदाराकडे समुद्रापारच्या पालोमास नावाच्या प्रजासत्ताकातून दोन कामं एकदम आली. एक तिथल्या राष्ट्राध्यक्षांचं, जनरल एलादियो किन्तानार यांचं. राजधानीच्या चौकात त्यांना स्वतःला उभं करायचं होतं. दुसरं त्याच राजधानीतल्या मोठ्या चर्चचं. तिथे वेदीवर संत ताद्देओ हवे होते. ताद्देओ म्हणजे हरलेल्या खटल्यांचा वाली. सगळे उपाय थकले की लोक त्याच्याकडे जातात. जनरलच्या राज्यात त्याला बरंच काम होतं.

त्रामोन्ती हा डोक्याने तल्लख आणि हाताने आखडता माणूस. एकाच उंचीचे दोन पुरुष, एकाच बंदरात जाणार, मग दोन साचे कशाला? जनरलला पुरातन रोमन थाटाचा झगा हवा होता, संताला तर झगा लागतोच. दोघांचे पाय अनवाणी. दोघांचा उजवा हात वर. डाव्या हातात गुंडाळी. संताची ती धर्मपत्राची, जनरलची ती राज्यघटनेची, जी त्याने गादीवर बसल्याच्या दुसऱ्या दिवशी गुंडाळली होती. फरक एवढाच, संताला दाढी आणि जनरलची हनुवटी गुळगुळीत. चेहरा जनरलने पाठवलेल्या फोटोवरून घेतला, पण सोबत चिठ्ठी होती की वय कमी करावं, गाल भरावेत, नजर दयाळू करावी. इतकं सगळं केल्यावर तो कुणाचाही चेहरा झाला असता.

दोन्ही मूर्ती छपरीत आल्या. रिबेल्लेने त्या निजवल्या, कीस ठासला, फळ्या ठोकल्या आणि ब्रश घेतला. 'माणूस. संगमरवरी. उभा.' दुसऱ्यावर तेच.

त्रामोन्ती धावत आला. "अरे बाबा, या वेळी एकाच बोटीत दोन आहेत! एकाच गावी चाललेत! काहीतरी खूण कर."

"खूण केलीय. माणूस आहे."

"निदान आकडे तरी टाक. एक आणि दोन."

रिबेल्लेने ब्रश डब्यात ठेवला. "एक कोण आणि दोन कोण?"

"कोणीही! जनरल एक, संत दोन."

"जनरल पहिला? का म्हणून?"

"बरं, संत पहिला!"

"आणि पाद्र्यांच्या माणसाने असं काय दिवे लावलेत? हे बघ उल्देरिको, मी कुणाला पहिला ठरवत नाही. माणसं सारखी असतात. पेटारा उघडला की कळेलच, एकाला दाढी आहे. तिकडे कुणाला डोळे नाहीत का?"

बोट सुटायची वेळ झाली होती, पेटारे उचलणारा यारीवाला बोंबलत होता. त्रामोन्तीने कपाळाला हात लावला आणि पेटारे उचलायला सांगितले. दोन माणसं, संगमरवरी, शेजारी शेजारी निजून समुद्रावर गेली. रिबेल्ले घरी जाऊन हरभऱ्याच्या पिठाची गरम पोळी खाऊन झोपला. त्या दिवशी आपण समतेसाठी काहीतरी केलं असं त्याला मनापासून वाटलं होतं.

डोळे तिकडे होते. पण डोळे असणं आणि डोळ्यांनी पाहिलेलं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विशेषतः जनरल किन्तानारच्या राज्यात.

काही आठवड्यांनी पालोमासहून तार आली. जनरलसाहेब अत्यंत प्रसन्न. हुबेहूब अशाच आणखी सहा मूर्ती हव्यात, प्रत्येक प्रांताला एक. मागून टपालाने फोटो आला. तो बघताना त्रामोन्तीच्या हातातला कॉफीचा कप कलंडला. चौकात उंच चौथऱ्यावर संत ताद्देओ उभे होते, छातीपर्यंत दाढी. खाली जनरल उभा होता, आणि त्याच्या हनुवटीवर नुकतीच वाढवलेली दाढी होती.

हळूहळू बोटीवरच्या लोकांकडून सगळी कहाणी कळली. अनावरणाच्या दिवशी जनरलने पुतळ्यावरची चादर ओढली. मंत्रिमंडळाने दाढी पाहिली, सेनापतींनी पाहिली, बँडवाल्यांनी पाहिली. हा मी नव्हेच असं जनरल म्हणाला असता तर आपल्याच सोहळ्यात आपलीच फजिती. शेवटी शिक्षणमंत्री पुढे झाला आणि म्हणाला, "काय साम्य आहे!" मग सगळ्यांना साम्य दिसलं. जनरल त्या संध्याकाळपासून दाढी करायचा थांबला. महिन्याभरात जुनी चित्रं उतरली, नाण्यांवरचा चेहरा बदलला, आणि गुळगुळीत हनुवटीचा फोटो घरात ठेवणं गुन्हा झाला.

तिकडे चर्चमध्ये म्हाताऱ्या बिशपने दुसरा पेटारा उघडला, त्यात बिनदाढीचा माणूस. बिशपने ओळखलं. पण 'हा जनरल आहे, वेदीवरून काढा' असं म्हणणार कोण? आणि 'हा जनरल आहे, वेदीवर राहू द्या' असं तरी कोण म्हणणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बिशपने मूग गिळले, मूर्तीवर पवित्र पाणी शिंपडलं आणि तिला संत ताद्देओ म्हणून टाकलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. या जनरलने जन्मभर दुसऱ्यांनाच घाव घातले होते, देवपण मात्र त्याला मिळालं.

त्रामोन्ती नाचायचा तेवढा बाकी होता. "रिबेल्ले, तू सोनं आहेस सोनं! सहा मूर्ती! अख्खा हिवाळा कारखाना चालेल!"

रिबेल्ले फोटोकडे बघत होता. "म्हणजे तो वेदीवर आहे."

"कोण?"

"तो. माणसं तुरुंगात घालणारा. लोक त्याच्यापुढे गुडघे टेकतायत. आणि तिथे त्याला मी पाठवलाय."

"तू कुठे, बोटीने पाठवलाय. हे बघ, तोंड बंद ठेव म्हणजे झालं."

"मी पत्र लिहिणार. त्यांच्या वर्तमानपत्राला. खरं काय ते सांगणार."

पत्र गेलं असतं तर सहा मूर्ती गेल्या असत्या, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. प्रश्न मंडळात आला. आमच्या मंडळाला अध्यक्ष नसतो, त्यामुळे सगळे एकदम बोलतात आणि शेवटी ज्याचा घसा शाबूत राहील त्याचं म्हणणं मान्य होतं. त्या दिवशी चाळीस घरांच्या हिवाळ्याचा सवाल होता, घसे चांगले लागले होते.

"अरे पण खरं नको का सांगायला?" रिबेल्ले म्हणाला.

"सांगू ना," त्याचा भाऊ आतेओ म्हणाला. तो त्रामोन्तीकडे घासकाम करायचा. "आधी सहा होऊ देत. सत्याला काय घाई आहे?"

"तिकडे माणसं त्या खुनी माणसाला मेणबत्त्या लावतायत, आतेओ."

"आणि इकडे तुझ्या पुतणीला बूट नाहीत. तिच्या पायात घालू का मेणबत्ती?"

घरी झेलिंदाने डुकराच्या चरबीचे पातळ काप पावावर घालून पुढे ठेवले. त्याने हात लावला नाही.

"जन्मभर ज्यांना तू ठणकावून नाही म्हणालास," ती म्हणाली, "त्यांच्यातल्या एकाला तू देवळात नेऊन बसवलंस. खुद्द पोपला जमलं नसतं ते."

"चेष्टा नको करूस."

"मी चेष्टा करत नाहीये. मला रडू येतंय आणि हसूही. तू जे काही मनात धरशील ते कर, पण जेव."

रिबेल्लेने सहा मूर्ती बांधल्या. सहा दाढीवाले ताद्देओ, जनरल म्हणून. तो कुणाशी बोलत नव्हता, खिळे मात्र असे मारायचा की फळी कळवळावी. शेवटचा पेटारा यारीला लागला त्या दिवशी संध्याकाळी तो दारूच्या दुकानात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "झाले सहा. आता पालोमासचा जो पहिला माणूस या धक्क्यावर पाय ठेवील, त्याला मी सगळं सांगणार. मला कुणी अडवू नका."

कुणी अडवलं नाही. पालोमासच्या बोटी आमच्याकडे क्वचितच लागायच्या.

मधल्या काळात जनरल पडला. दर वेळी होतं तसंच झालं. एका सकाळी सैन्याला अचानक लोकांचा पुळका आला, आणि जनरल दाढी उतरवून विमानात बसला. दाढी नसल्यामुळे विमानतळावर त्याला कुणी ओळखलं नाही म्हणतात. लोक चौकात धावले. दोर टाकून त्यांनी संत ताद्देओंना खाली ओढलं, तोंडावर थुंकले, हातोड्यांनी दाढी फोडली आणि धड समुद्रात लोटलं. प्रांतांतल्या सहांचीही तीच गत झाली. सात संत शहीद झाले आणि पोपला पत्ताही नाही.

ही बातमी आली तेव्हा रिबेल्ले हसला नाही. "आणि वेदीवरचा?" एवढंच त्याने विचारलं. वेदीवरचा जागेवर होता. संताला कोण हात लावणार?

आता तर त्याला बोलायची घाईच झाली. जनरल गेला, धंद्याचं नुकसान व्हायचं ते झालंच होतं, त्रामोन्तीलाही आता फिकीर नव्हती. सांगायचं फक्त एका माणसाला, मग गोष्ट तिकडे पोचेल, लोक त्याला वेदीवरून ओढतील आणि रिबेल्लेच्या छातीवरचा धोंडा उतरेल. रोज सकाळी तो धक्क्यावर जाऊन बोटींच्या पाठीवरची नावं वाचायचा.

वसंतात एक बोट फरशी भरायला आली आणि तिच्यावरचा एक खलाशी चौकशी करत छपरीपर्यंत आला. तिशीचा असेल, उजवा पाय ओढत चालत होता. त्याची भाषा अर्धी आमच्यासारखी, उरलेलं तो हातांनी सांगायचा.

"उस्ताद, पालोमासचा ताद्देओ इथूनच गेला का?"

"उस्ताद-बिस्ताद कुणी नाही इथे," रिबेल्ले सवयीने म्हणाला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "तू पालोमासचा?"

"हो. नेमेसिओ माझं नाव. आईला वचन दिलं होतं, कधी इटलीला गेलो तर त्याचं माहेर बघून येईन."

आतेओ कानस खाली ठेवून जवळ आला. दोघे-चौघे गडीही सरकले. सगळ्यांना शपथ आठवत होती. झेलिंदा डबा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"बस," रिबेल्ले म्हणाला. "मला तुला काहीतरी सांगायचंय."

"आधी हे बघ," नेमेसिओ म्हणाला आणि गळ्यातलं पदक काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. स्वस्त पत्र्याचं पदक. वर अनवाणी, झगा घातलेला, हात उंचावलेला, गुळगुळीत हनुवटीचा माणूस. "जनरलने मला मिठागराच्या बेटावर टाकलं होतं. हा पाय तिथेच मोडला. तिथून कुणी परत येत नव्हतं. आई रोज याच्या पायाशी जाऊन बसायची. पहाटे जायची, हाकलेपर्यंत उठायची नाही. आणि बघ, मी आलो. बेटावरून आलेला मी एकटाच नाही, पण आमच्या गल्लीतला एकटाच."

रिबेल्लेला शब्द जुळवावे लागत होते. "तुझ्या संताला," तो म्हणाला, "दाढी नाहीये."

नेमेसिओ हसला. "जगभर असते म्हणे. आमच्याकडचा वेगळा. आई सांगायची, आधी त्यालाही होती. पण जनरलने दाढी ठेवली ना, तेव्हा ताद्देओ इतका संतापला की एका रात्रीत त्याने आपली काढून टाकली. त्या हलकटासारखं दिसायचं नाही म्हणून! आमच्यात सगळ्यांना माहितीय. त्या वर्षापासून लोक चोरून दाढी करायला लागले. मलासुद्धा त्याच्यासाठीच पकडलं."

आतेओने मान फिरवली.

"तुला काय सांगायचं होतं?"

रिबेल्लेने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, किती महिने त्याने ते मनात घोळवलं होतं. समोर पोराचा तो पाय होता. त्याला वाटलं, आता बोललो तर या मुलाच्या आईला पुन्हा एकदा त्या माणसाच्या पायाशी नेऊन बसवीन, आणि या वेळी तिला कळेल की ती कुणाच्या पायाशी बसली आहे.

"आई कशी आहे?" त्याने विचारलं.

"गेली. मी सुटून आल्यावर गेली. सुखाने गेली." नेमेसिओने पदक परत गळ्यात घातलं. "तुझं काय सांगायचं राहिलं?"

"हेच की… त्याला मी बांधला होता. पेटाऱ्यात. नाकाला, बोटांना, हाताला कीस मी लावला. काही मोडू नये म्हणून."

नेमेसिओचे डोळे भरून आले. कुणाला काही समजायच्या आत तो मोडका पाय मागे टाकून खाली वाकला आणि रिबेल्लेचे दोन्ही हात धरून त्याने त्यांचं चुंबन घेतलं, आधी एकाचं, मग दुसऱ्याचं.

रिबेल्लेपुढे आयुष्यात कुणी वाकलं नव्हतं. त्याने वाकू दिलंच नसतं. हात मागे घ्यावेत असं त्याला लाख वाटत होतं, पण पोराचा सगळा भार त्या हातांवर होता, सोडले असते तर तो पडला असता. म्हणून रिबेल्ले शरमेने लाल होऊन तसाच उभा राहिला, आणि पोराचं होईपर्यंत त्याने हात हलवले नाहीत.